हौशी परीक्षकाने गेमबद्दल काय लिहावे आणि केव्हा लिहावे?

धागाकर्ता : पाचवा मजला

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी कन्सोलवरच्या गेमची परीक्षणे मराठीतून लिहीत आहे. हा माझा व्यवसाय नाही. दिवसभर बँकेतली नोकरी, संध्याकाळी घर, आणि रात्री सगळे झोपल्यावर जो दीड-दोन तासांचा वेळ हाती लागतो तेवढाच खेळण्याचा. गेम मी स्वतःच्या पैशाने घेतो. चाळीस तासांचा गेम पुरा करायला मला महिना तरी लागतो, आणि तोवर इतरांची परीक्षणे वाचून आणि चित्रफिती पाहून लोकांची मते पक्की झालेली असतात. मग आपण लिहायचे कशासाठी, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. मधल्या काळात त्याचे उत्तर मला सापडले असे वाटते, आणि ते येथील जाणकारांकडून तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

४ सप्टेंबर २०२५ रोजी ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ हा गेम आला. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरातल्या टीम चेरी या अगदी लहान चमूने त्याची घोषणा २०१९ मध्ये केली होती, त्यामुळे साडेसहा वर्षांची वाट पाहणे त्यामागे होते. किंमत अवघी २० डॉलर होती, आणि विक्री सुरू होताच गर्दीने ऑनलाइन दुकाने कोलमडली. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची बातमी वेगळीच होती. निर्मात्यांनी प्रकाशनापूर्वी एकाही समीक्षकाला प्रत दिली नव्हती. एरवी मोठ्या संकेतस्थळांना गेम एक-दोन आठवडे आधी मिळतो, त्याबरोबर ‘अमुक वेळेपर्यंत काही छापू नये’ असा एम्बार्गो असतो, आणि ती वेळ भरताच जगभरची परीक्षणे एकाच मिनिटाला बाहेर पडतात. या वेळी मोठमोठे समीक्षक आणि रात्री साडेदहाला कंट्रोलर हातात घेणारा माझ्यासारखा माणूस एकाच दिवशी एकाच दारातून आत गेले. पहिले काही दिवस कोणाचेच पूर्ण परीक्षण नव्हते, आणि तरीही वाचकांचे काही अडले नाही. लोक खेळत होते, कोणता शत्रू कुठे छळतो ते एकमेकांना सांगत होते, आणि सविस्तर परीक्षणे सावकाश येत गेली.

याच्या अगदी उलट उदाहरण सर्वांना आठवत असेल. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला, तेव्हा त्याच्या ८० लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. समीक्षकांना आधी मिळाल्या त्या केवळ संगणकावरच्या प्रती, आणि चित्रफितीत स्वतः खेळलेला भाग न दाखवता प्रकाशकाने पुरवलेली दृश्येच वापरण्याची अट होती. परीक्षणे उत्तम आली. ती खोटी नव्हती, कारण चांगल्या संगणकावर गेम खरोखरच बरा चालत होता. परंतु ज्यांच्या घरी प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन हा कन्सोल होता, त्यांना अडखळणारी, मध्येच बंद पडणारी वस्तू मिळाली. आठवडाभरात सोनीने तो गेम आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले, आणि तो तेथे परत आला जून २०२१ मध्ये. मी स्वतः तो प्लेस्टेशन ४ वरच घेतला होता. मी वाचलेल्या एकाही परीक्षणातले यंत्र माझ्या घरातले नव्हते, एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक परीक्षणाच्या माथ्यावर चार गोष्टी लिहितो : कोणत्या कन्सोलवर खेळलो, गेमची कोणती आवृत्ती होती, किती तास झाले आणि कुठवर पोहोचलो, आणि पैसे कोणी भरले. मला वाटते, हौशी परीक्षकाने वाचकाला द्यायची पहिली वस्तू हीच आहे. मताचा क्रमांक त्यानंतर.

या चारांत पाचवी गोष्ट का घालावी लागली तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका गेमबद्दल मी लिहिले की त्यातली तलवार जड वाटते, बटण दाबल्यावर वार उशिरा पडतो, आणि निर्मात्यांनी नेमका वेळ साधलेला नाही. पुढे दिवाळीत तोच गेम मेव्हण्याच्या घरी खेळलो, तर वार झटकन पडत होता. घरी परत आल्यावर टीव्हीची सेटिंग उघडून पाहिली. चित्र गुळगुळीत करण्याची सोय चालू होती आणि चित्र विनाविलंब दाखवणारा ‘गेम मोड’ बंद होता. टीव्ही प्रत्येक चित्रावर आपले संस्कार करून मगच ते दाखवत होता, आणि त्या विलंबाचा दोष मी तलवारीवर ढकलला होता. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे, चालणाऱ्या गेममध्ये एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते, ३० फ्रेममध्ये ३३.३. त्यात टीव्हीने चार-पाच चित्रांइतका उशीर लावला, तर हाताला तो लगेच कळतो, मात्र दोष कोणाचा ते कळत नाही. ते परीक्षण मी दुरुस्त केले, वर तारखेसह तशी नोंद केली, आणि आता टीव्हीचा मोडही लिहितो.

गुण मी देत नाही. त्याविषयी येथे मतभेद असतील याची कल्पना आहे. आपण परीक्षण वाचताना काय शोधता, आणि लिहीत असाल तर काय पाळता, ते कृपया लिहावे.

खडूफळा

धागा आवडला, पण गुणांबाबत मी आपल्याशी सहमत नाही. मी शाळेत शिकवते. मुलाच्या वाढदिवसाला वर्षातून एकदा गेम घेतला जातो, आणि प्लेस्टेशन ५ च्या नव्या मोठ्या गेमची किंमत आपल्याकडे पाच हजारांच्या घरात असते. मला स्वतःला खेळातले फारसे कळत नाही. दुकानात उभी राहून दोन हजार शब्दांचे परीक्षण वाचणे मला शक्य नसते. दहापैकी आठ असे लिहिलेले असले तर निदान निवड करायला आधार मिळतो. आपण महिन्याने लिहिणार आणि गुणही देणार नाही, तर माझ्यासारख्या पालकाने करायचे काय?

पाचवा मजला

आपली अडचण खरी आहे आणि मी ती बाजूला सारत नाही. तरी आठ या आकड्यात नेमके काय दडलेले असते ते पाहावे. तो बहुधा अशा माणसाने दिलेला असतो, जो वर्षाला पन्नास गेम खेळतो आणि ज्याला नवेपणाची भूक असते. आपला मुलगा वर्षाला एक खेळणार. त्याला तो गेम सुट्टीभर पुरेल का, भाऊबहीण एकाच टीव्हीवर मिळून खेळू शकतील का, आत पुन्हा पैसे मागतात का, आणि खेळून झाल्यावर डिस्क विकता येईल का, हे आपल्याला हवे आहे. यांतल्या एकाचेही उत्तर आकड्यात नसते. ही चार उत्तरे परीक्षणाच्या सुरुवातीलाच चार ओळींत देणे माझे काम आहे, आणि ते मी आजवर नीट केलेले नाही, हे आपल्या प्रतिसादामुळे लक्षात आले.

गुणांच्या बाबतीत एक पद्धत मात्र मला मनापासून आवडते. जपानच्या ‘फामित्सू’ या नियतकालिकात एकाच गेमला चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चारही आकडे शेजारी-शेजारी छापले जातात. चाळीसपैकी पूर्ण चाळीस गुण प्रथम मिळाले ते १९९८ मध्ये, ‘झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ला. पण मला त्या चाळिसांपेक्षा नऊ, नऊ, आठ, पाच अशी ओळ अधिक उपयोगाची वाटते. तो पाच पाहिला की वाचक थांबतो आणि त्या परीक्षकाला काय खटकले ते आधी वाचतो.

बर्फाळ सकाळ

मी माँट्रियलमध्ये राहतो आणि आठ वर्षे गेमची चाचणी करण्याचे काम करतो. आमच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, आवृत्तीबद्दल. डिस्क छापायला जाण्यापूर्वी गेमला कन्सोलच्या कंपनीची तपासणी पार करावी लागते. त्यात कथा चांगली आहे का हे कोणी बघत नाही. खेळता-खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर खेळ थांबतो का, सेव्ह होताना वीज गेली तर आधीचे सेव्ह टिकते का, नेट तुटल्यावर योग्य सूचना दिसते का, असल्या गोष्टी पाहतात. ती पार झाली की डिस्क छापायला जाते, आणि दुकानात पोहोचेपर्यंत काही आठवडे जातात. त्या आठवड्यांत आम्ही स्वस्थ बसत नाही. उरलेल्या चुका दुरुस्त करत राहतो, आणि तेच पहिल्या दिवशी उतरवावे लागणारे मोठे अपडेट. म्हणजे समीक्षकाला आगाऊ मिळालेला गेम, डिस्कवर असलेला गेम आणि ग्राहकाने अपडेटनंतर खेळलेला गेम, या तीन निराळ्या वस्तू असू शकतात. पाचवा मजला यांनी आवृत्तीचा आकडा लिहिण्याचा जो आग्रह धरला आहे, तो चाचणी करणाऱ्या प्रत्येकाला पटेल. आमच्याकडे गेममधल्या एखाद्या चुकीची नोंद आवृत्तीच्या आकड्याशिवाय आली तर ती तशीच परत जाते.

दुसरी गोष्ट गुणांबद्दल. २०१० च्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ या गेमची हकीकत आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन या स्टुडिओच्या एका प्रमुख लेखकाने २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले की मेटाक्रिटिकवर, म्हणजे निरनिराळ्या परीक्षणांतल्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर, ८५ मिळाले असते तरच स्टुडिओला बोनस मिळणार होता. मिळाले ८४. मेटाक्रिटिक ही सरासरी साधी काढत नाही, काही प्रकाशनांना अधिक वजन देते. कोणा एका संपादकाने सातऐवजी साडेसात दिले असते तर कदाचित चित्र पालटले असते. आकडा लिहिणाऱ्याला हे माहीत नसते, आणि माहीत असावे अशी अपेक्षाही नाही, कारण मग तो मोकळेपणाने लिहूच शकणार नाही. पण आकडा छापला गेला की तो कुठवर पोहोचतो, हे एकदा लक्षात घ्यावे.

डावखुरा

माझा मुद्दा अगदी नेमका आहे. सहा वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर माझ्या उजव्या हाताची दोनच बोटे नीट चालतात. परीक्षणात मी सर्वप्रथम शोधतो ते हे की बटणांची जागा बदलता येते का, बटण भराभर दाबण्याऐवजी धरून ठेवले तर चालते का, आणि उपशीर्षके मोठी करता येतात का. शंभरात पाच परीक्षणांत तरी हे सापडेल तर शपथ. मराठीत एकातही सापडलेले नाही.

२०१८ च्या ‘सेलेस्ट’ या पर्वत चढण्याच्या गेममध्ये ‘असिस्ट मोड’, म्हणजे खेळ सोपा करून घेण्याची सोय, आहे. त्यात गेमची गती दहा-दहा टक्क्यांनी खाली आणत निम्म्यावर नेता येते. ७० टक्क्यांवर मी तो पर्वत शेवटपर्यंत चढलो. एक खोली मला आजही पाठ आहे : वर काटे, खाली काटे, मध्ये हवेत तरंगणारा हिरवा स्फटिक, आणि त्याला स्पर्श झाला तरच दुसरी झेप मिळते. पूर्ण गतीला माझा अंगठा त्या बटणापर्यंत वेळेत पोहोचत नाही. ७० टक्क्यांना पोहोचतो, पण झेपेची दिशा माझी मलाच ठरवावी लागते. तरीही त्या खोलीत मी पासष्ट वेळा मेलो. पासष्टाव्यानंतर पार झाली तेव्हा बायकोला उठवून दाखवली. ‘गेम सोपा करून खेळणे म्हणजे खेळणे नव्हे’ असे जे लिहितात, त्यांनी ती खोली माझ्या हाताने खेळून पाहावी.

‘द लास्ट ऑफ अस, भाग २’ या मोठ्या गेममध्ये २०२० साली अशा साठांहून अधिक सोयी होत्या. म्हणजे मोठ्या निर्मात्यांनाही हे जमते. परीक्षक लिहू लागले तर पुढचेही करतील.

पाचवा मजला

डावखुरा, आपण लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. माथ्यावरच्या नोंदीत आता सहावी ओळ घालतो. नऊ वर्षांत एकदाही मी सेटिंगमधला तो विभाग परीक्षणासाठी उघडला नव्हता. पुढच्या परीक्षणापूर्वी एक संध्याकाळ केवळ त्यासाठी देईन आणि बटणे बदलून प्रत्यक्ष खेळून पाहीन.

सदाशिव पेठी

एक प्रश्न राहून जातो आहे. आपल्याकडे बनलेल्या गेमचे परीक्षण कसे करावे? पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. त्या वेळी आपल्याकडची बहुतेक परीक्षणे मी वाचली. अर्धी ‘भारतीय गेम, म्हणून घ्याच’ असे म्हणत होती, आणि उरलेली त्याची तुलना शेकडो माणसांनी शेकडो कोटींत बनवलेल्या गेमशी करून नाक मुरडत होती. दोन्हींत ‘राजी’ मला दिसलाच नाही.

पाचवा मजला

प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सवलत देऊ नये असे माझे मत आहे, कारण सवलतीत अपमान असतो. पण जे समोर आहे ते बघण्याइतके डोळे मात्र हवेत, आणि इथे मराठी परीक्षकाकडे परदेशी समीक्षकापेक्षा अधिक सामग्री आहे. ‘राजी’मध्ये दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत ही कथा सांगतात. वाटेत भिंतींवरची चित्रे लागतात, त्यांच्यापुढे थांबले तर ते दोघे त्या-त्या देवतेची गोष्ट ऐकवतात. परक्या परीक्षकाने त्याला ‘माहितीचे फलक’ म्हटले तर मी समजू शकतो. पण आजीबरोबर देवळाच्या सभामंडपात फिरताना कोरलेल्या प्रत्येक मूर्तीपुढे थांबून गोष्ट ऐकलेल्या माणसाला ती चाल ओळखीची आहे, आणि त्याने ती तशी लिहिली पाहिजे. मधली कथादृश्ये छायाबाहुल्यांच्या खेळासारखी आहेत. त्रिशूळ हाती आल्यावर राजी खांबाला धरून गोल फिरते आणि त्या वेगाने शत्रूंना उडवते, भिंतीवर धावत जाऊन वरून वार करते. जत्रेत कसरती करणाऱ्या मुलीचे अंग त्या हालचालीत दिसते, आणि कथेतही ती तशीच मुलगी आहे. लढाईची रचना पात्राच्या जगण्यातून आलेली आहे, ही माझ्या मते त्या गेमची सर्वांत मोठी कमाई, आणि हे मी तो कोणत्याही देशात बनला असता तरी लिहिले असते.

कोडी मात्र मला तुटक वाटली. फिरती वर्तुळे जुळवून चित्र पुरे करायचे, की राजीची आठवण उलगडते. पहिल्या वेळी ते हृद्य वाटते, पण पुढची कोडी त्यावर काही नवे रचत नाहीत. पाच-सहा तासांच्या गेममध्ये ही उणीव ठळक दिसते. हेही तेवढ्याच स्पष्टपणे लिहावे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले, आणि ते ऐकत खेळल्यावर मला गेम पुष्कळच जवळचा वाटला. म्हणून मी त्याचे दुसरे परीक्षण लिहिले. पहिले काढून टाकले नाही, दोन्ही एकाखाली एक ठेवली आहेत.

रात्रपाळी

चर्चेत बातम्यांचा भाग मागे पडतो आहे म्हणून लिहितो. परीक्षणाइतकेच बातमीतही भान हवे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ या गेमच्या प्रकाशनाचेच पाहा. आधी २०२५ साल सांगितले होते, मग २६ मे २०२६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६. या अधिकृत घोषणा. त्यांच्या मधल्या काळात ‘सूत्रांनुसार’ म्हणून मी इतक्या तारखा वाचल्या की मोजणे सोडून दिले. आपल्यापैकी ज्यांना बातम्या देण्याची हौस आहे त्यांनी घोषणा आणि अफवा या वेगळ्या मथळ्यांखाली द्याव्यात.

शिवाय भारतातल्या वाचकासाठी बातमी इथली करून द्यावी लागते. सोनीचा प्लेस्टेशन ५ प्रो हा कन्सोल ७ नोव्हेंबर २०२४ रोजी इतरत्र आला तेव्हा मी वाचलेल्या मराठी नोंदी ६९९.९९ डॉलरचे रुपयांत रूपांतर करून थांबल्या. तो भारतात येणारच नव्हता, कारण त्यातले नवे वाय-फाय ज्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते तो पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. सोनीने ते स्पष्ट सांगितले होते. इथल्या वाचकाला त्या यंत्राबद्दल सर्वांत आधी कळायला हवी ती हीच गोष्ट होती.

आणि फुकट मिळालेल्या प्रतीबद्दल. मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘अ‍ॅस्की’ने, जून २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत फुकट मिळालेली वस्तूही उघड करायची आहे. आपले वाचक दोनशे असोत की दोन लाख, ती ओळ सुरुवातीलाच हवी.

खडूफळा

चर्चा वाचून माझे मत थोडे बदलले आहे. गुण नसले तरी चालतील, पण त्या चार ओळी अगदी वर हव्यात.

आता एक प्रत्यक्ष शंका. मुलाला भावाने परदेशातून निन्टेन्डोचा स्विच २ हा कन्सोल आणला आहे. गेमच्या काही डब्यांवर ‘गेम-की कार्ड’ असे छापलेले दिसते. ते घेऊन नंतर विकता येईल का? आमच्या गावी इंटरनेट फार हळू आहे.

पाचवा मजला

विकता येते, कारण ते खात्याला बांधलेले नसते. ज्याच्या यंत्रात कार्ड, त्याला खेळता येते. परंतु त्या कार्डात गेम नसतो, केवळ किल्ली असते. पूर्ण गेम नेटवरून उतरवावा लागतो, आणि उतरवल्यानंतरही खेळताना कार्ड यंत्रात घालून ठेवावे लागते. आपले नेट हळू असेल तर डब्याच्या दर्शनी बाजूला खालच्या पट्टीत ती सूचना आहे का ते घेण्यापूर्वी पाहावे, आणि किती जागा लागेल तो आकडाही वाचावा. ती पट्टी नसलेल्या साध्या कार्डात गेम आत असतो. मुलाला कोणत्या प्रकारचे खेळ आवडतात ते कळवलेत, तर कार्डातच पूर्ण गेम असलेले आणि दोघांनी मिळून खेळण्यासारखे तीन-चार मी रविवारपर्यंत येथे लिहितो.

खडूफळा

गाड्यांच्या शर्यती, आणि उड्या मारत पुढे जायचे ते. धाकटी सात वर्षांची आहे, तिलाही खेळता यावे.